स्ट्रक्चर्ड टेक्स्ट वर्षभर वापरल्यावर: हिशेबाला एक नंबर, ब्रेकडाउनला डोकेदुखी

गेल्या आठवड्यात तिसऱ्या पाळीत सँड प्लांट, म्हणजे साच्यांची वाळू तयार करणारा विभाग, बंद पडला. कारण निघालं कोल डस्ट (कोळशाची भुकटी) ढकलणाऱ्या स्क्रूच्या कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, ढिला ऑक्झिलरी काँटॅक्ट; मोटरचा स्विच लागला की नाही ते कंट्रोलरला तोच कळवतो. स्क्रूड्रायव्हर लावला की संपलं, एवढंच काम. पण ते सापडेपर्यंत मोल्डिंग लाइन रिकामी, फर्नेसमध्ये धातू तयार, विजेचा मीटर पळतोय आणि मालकांचे फोनवर फोन. त्या रागातच हे लिहायला घेतलंय.

हा अनुभव कंट्रोलरचा (प्लांट चालवणाऱ्या पीएलसीचा) नाही, त्याचा प्रोग्रॅम लिहायच्या भाषेचा, म्हणजे स्ट्रक्चर्ड टेक्स्टचा (एसटी) आहे. हार्डवेअर ठणठणीत आहे. कंपनीचं नाव घेत नाही. कोडेसिस या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरवर चालणारे जे ढीगभर कंट्रोलर बाजारात मिळतात, त्यातलाच एक समजा.

शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, ग्रीन सँडचं काम. प्लांटवर आधी मशीनवाल्याचाच कंट्रोलर होता आणि त्यात नुसता कंपाइल झालेला प्रोग्रॅम. सोर्स, म्हणजे वाचता येणारा मूळ प्रोग्रॅम, टाकलाच नव्हता, त्यामुळे कंट्रोलरमधून अपलोड मारला तरी हाती शून्य. सोर्स मागितला तर कोटेशन आलं, आणि त्या आकड्यात नवा कंट्रोलर येऊन वर पैसे उरत होते. मग नवाच घेतला आणि प्रोग्रॅम मी पहिल्या ओळीपासून लिहिला. जाता जाता सांगतो: कोडेसिसमध्ये नेहमीचं डाउनलोड केलं म्हणून सोर्स कंट्रोलरमध्ये जाईलच असं नाही, त्यासाठी सोर्स डाउनलोड वेगळं करावं लागतं. मशीन ताब्यात घेताना शेवटचा चेक देण्याआधी आपल्या लॅपटॉपवर तो सोर्स परत उघडून दाखवायला सांगा.

माझा हात लॅडरवर, म्हणजे रिलेच्या ड्रॉइंगसारख्या चित्रांच्या भाषेवर, बसलेला. तरी स्ट्रक्चर्ड टेक्स्टकडे वळलो ते रेसिपीमुळे. रिटर्न सँड (वापरून परत आलेली), नवी सँड, बेंटोनाइट (चिकट माती), कोल डस्ट, पाणी. कास्टिंग बदललं की प्रमाण बदलतं. लॅडरमध्ये प्रत्येक रेसिपीच्या प्रत्येक मालाला एक मूव्ह इन्स्ट्रक्शन टाकत बसायचं, नेटवर्कमागून नेटवर्क. एसटीत एक अॅरे (किमतींची यादी) आणि रेसिपी नंबर, विषय संपला. स्क्रू बंद केल्यावरही जो माल हवेत असतो तो हॉपरमध्ये पडतच राहतो, तो आगाऊ वजा करावा लागतो. मागच्या काही बॅचची सरासरी काढून ही दुरुस्ती आपोआप करणं एसटीत चार ओळींचं काम. पाण्याचंही तसंच. हजार किलो सँडमध्ये दीड टक्का ओल आधीच आहे आणि साडेतीन टक्के हवी आहे, म्हणजे अंदाजे वीस लिटर. हे लॅडरमध्ये गुणाकार-भागाकाराचे डबे जोडून केलंय मी पूर्वी; परत करणार नाही.

सुरुवातीला कोलन-बरोबर आणि प्रत्येक ओळीला अर्धविराम यांचा वैताग आला. पास्कल या जुन्या भाषेची सगळी वळणं आहेत यात. पण तो वैताग दहा-पंधरा दिवसांत गेला. पावसाळा संपेपर्यंत मी चक्क एसटीचा प्रचारक झालो होतो.

याच काळात हाताखाली एक ज्युनिअर आला, पायथनवाला. त्याला शिकवताना भाषेपेक्षा स्कॅन, म्हणजे कंट्रोलर प्रोग्रॅमची जी फेरी पुन्हा पुन्हा मारतो ती, समजावणंच अवघड गेलं. गेट बंद होईपर्यंत थांबायचं, म्हणून त्याने व्हाइल लूप लिहिला: गेट बंद नाही तोवर फिरत राहा. कंट्रोलर वॉचडॉगवर (फेरी फार लांबली की प्रोग्रॅम थांबवणारी सोय) जाऊन स्टॉप. त्याला वाटलं सेन्सर खराब आहे. सेन्सर कसला खराब! इनपुट स्कॅनच्या सुरुवातीला एकदा वाचले जातात, मग प्रोग्रॅम चालतो, मग आउटपुट लिहिले जातात. लूपच्या आत बसून वाट बघितली तर त्या इनपुटची किंमत बदलणारच नाही. थांबायचं असेल तर केस स्टेटमेंटमध्ये स्टेप नंबर ठेवायचा आणि दर स्कॅनला एकदा विचारून पुढे जायचं. दोन इंटिजर भागल्यावर ७ भागिले २ म्हणजे ३ येतं, यावरही त्याचा विश्वास बसायला वेळ लागला. त्याने सराव मात्र स्वस्तात केला. कोडेसिसचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि रास्पबेरी पाय या छोट्या कंप्युटरवर लायसन्स न घेता दोन तास चालतं. दोन तासांनी बंद पडलं की परत सुरू करायचं. क्लासला पैसे घालण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आता मूळ दुखणं. मिक्सर सुरू होण्याच्या इफमध्ये (अटी तपासणाऱ्या ओळीत) अकरा अटी होत्या. ऑटो मोड, वजन पूर्ण, गेट बंद, ट्रिप नाही, इमर्जन्सी नाही, स्क्रूचा फीडबॅक, असं बरंच काही. तिसऱ्या पाळीच्या इलेक्ट्रिशियन मामांनी लॅपटॉप जोडला आणि स्क्रीनचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. फोटोत प्रत्येक नावापुढे ट्रू, फॉल्स, ट्रू, फॉल्स. काही अटींच्या आधी नॉट आहे, तिथे फॉल्स असणं बरोबर. काहींच्या आधी नॉट नाही, तिथे ट्रू असणं बरोबर. हे गणित झोपेतून उठून फोनच्या स्क्रीनवर मी करायचं, आणि तिकडे मामांनीही करायचं. लॅडरमध्ये नॉर्मली क्लोज्ड काँटॅक्टचा (लॅडरमधला नॉट) बिट शून्य असला की तो काँटॅक्ट पेटलेला दिसतो. म्हणजे नॉटचा हिशेब स्क्रीनच करून देते. हिरवी असो वा निळी, रेघ जिथे तुटते तिथे बोट ठेवायचं. लॅडर दाखवतो की वाट कुठे अडली. एसटी नुसत्या किमती दाखवतो. लॅडरचा फोटो आला असता तर अंथरुणातूनच सांगितलं असतं, मामा, कोल डस्टचा कॉन्टॅक्टर बघा.

ज्युनिअर म्हणाला, फ्लो कंट्रोल चालू करा की. आहे, कोडेसिसमध्ये ती सोय आहे. जी ओळ खरोखर चालली ती हिरवी दिसते आणि त्या क्षणाची किंमत दिसते. एकच व्हेरिएबल एका स्कॅनमध्ये दोनदा लिहिला जात असेल तर ते पकडायला फारच कामाचं, साध्या मॉनिटरमध्ये ते कळत नाही. पण माझ्या इफला त्याचा उपयोग काय? इफची ओळ चालली, ती हिरवी. आतली चालली नाही, ती पांढरी. अकरांपैकी कोण आडवं आलं, ते काही ती सांगत नाही. वर फ्लो कंट्रोलने स्कॅन टाइम वाढतो, म्हणून चालू प्लांटवर लावायला मन धजत नाही.

नवीन पोरं लॅडरला म्हातारा म्हणतात. असेल. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेची पॅनेल नको झाली होती. त्यातून इंजिनिअर डिक मॉर्ली आणि मंडळींचा मोडिकॉन ०८४ हा सुरुवातीचा पीएलसी आला आणि लॅडर त्याच रिले ड्रॉइंगवरून आला. शॉप फ्लोअरवरच्या इलेक्ट्रिशियनला जे ड्रॉइंग वाचता येतं तेच स्क्रीनवर दिसावं, हा त्यातला हिशेब. तो इलेक्ट्रिशियन अजून आहे. आमच्याकडे तर तो तिसऱ्या पाळीला एकटाच असतो.

आणि म्हातारं ते सगळं टिकतं असंही नाही. आयईसी ६११३१-३ हे पीएलसीच्या भाषांचं स्टँडर्ड १९९३ मध्ये आलं तेव्हा त्यात इन्स्ट्रक्शन लिस्ट ही आणखी एक भाषाही होती. २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती वापरू नये असं म्हटलं आणि २०२५ च्या चौथ्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली. जुन्या पॅनेलवर ती वाचत रात्री घालवलेल्या कुणालाही तिचं दुःख नसावं. लॅडरला अजून कुणी हात लावलेला नाही.

तर ब्रेकडाउननंतर दोन बदल केले. पहिला माझा: सगळे इंटरलॉक (मिक्सर सुरू होण्याच्या या अटी) काढून वेगळ्या लॅडर ब्लॉकमध्ये टाकले, रेसिपी, वजन आणि पाण्याचं गणित एसटीत ठेवलं. स्टँडर्डप्रमाणे एकाच प्रोजेक्टमध्ये प्रत्येक ब्लॉक वेगळ्या भाषेत लिहिलेला असला तरी चालतो. बरेच जण 'ही की ती' म्हणून भांडतात, ते मला आता कळत नाही.

दुसरा बदल ज्युनिअरचा, आणि इथे मला माझं मत थोडं मागे घ्यावं लागतंय. त्याने अकराही अटी एका अॅरेत भरल्या, फॉर लूप फिरवला आणि पहिली जी अडेल तिचा मजकूर एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) टाकला, तोही मराठीत: 'कोल डस्ट स्क्रू फीडबॅक नाही'. मामांना आता लॅपटॉप लागतच नाही. आणि हे एसटीतच सोपं आहे, लॅडरमध्ये केलं असतं तर परत नेटवर्कांची रांग. भारी काम केलं पोराने, यात वाद नाही.

पण त्याचं म्हणणं आहे की आता लॅडरचा ब्लॉक काढून टाका, मेसेज आहे ना. मेसेज त्याच अटींचे येतात ज्या आपण यादीत घातल्या. उद्या कुणी बारावी अट इफमध्ये घातली आणि अॅरेत विसरला, तर स्क्रीनवर 'सर्व ठीक' आणि मिक्सर बंद. लॅडरमध्ये जी अट आहे ती दिसतेच, वेगळी यादी सांभाळावी लागत नाही. यावर त्याचं उत्तर असं की इफ काढून अॅरेवरूनच मिक्सर सुरू करायचा, म्हणजे विसरायला जागाच नाही. बरोबर आहे, तोडीस तोड आहे. तरी मी ब्लॉक काढलेला नाही.

पुढच्या महिन्यात कूलिंग ड्रमचं काम आहे. त्यातला सिक्वेन्स एसएफसीत (स्टेप बाय स्टेप आकृतीत) करून बघणार आहे. ग्रॅफसेट या जुन्या आकृती-पद्धतीवरून आलेली ही पद्धत, स्टेप पेटलेली दिसते आणि पुढचं ट्रान्झिशन (पुढच्या स्टेपला जायची अट) कशासाठी थांबलंय तेही कळतं. ट्रान्झिशनच्या अटी लॅडरमध्ये लिहायच्या की एसटीत, यावरून आमची जुंपलेली आहे.