ट्रेटिनॉइन : काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि डबीविषयी थोडे सविस्तर

माझ्या रेटिनॉल (अ-जीवनसत्त्वाचे एक रूप) क्रीमची रुंद तोंडाची काचेची डबी अर्धी संपली तेव्हा आतले पांढरे क्रीम कडेने पिवळसर तपकिरी झाले होते. उघडल्यावर किती महिन्यांत वापरावे याचा आकडा डबीवर छापलेला होता आणि ती मुदत संपायला बराच अवकाश होता. तक्रार केल्यावर कंपनीने रंगातील फरक नैसर्गिक असून गुणवत्तेवर परिणाम होत नाही, असे कळवले. मी छायाचित्रे पाठवली, रेटिनॉलचे प्रमाण किती टक्के आहे तेही विचारले. पुन्हा तेच उत्तर, शब्दही तेच. अर्धी डबी टाकून देणे माझ्या जिवावर आले, तरी ती टाकली आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. तेव्हापासून ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन क्रीम, म्हणजे रेटिनॉलच्याच कुळातले, मुरुमे आणि सुरकुत्यांवर लावायचे औषध, वापरत आहे. हनुवटीवरची मुरुमे आणि डोळ्यांच्या कडेच्या बारीक सुरकुत्या अशा दोन्ही तक्रारी एकाच वयात असलेल्यांना हा अनुभव उपयोगी पडावा.

आधी डबीबद्दल, कारण परीक्षणांत तिचा उल्लेख क्वचितच येतो आणि माझ्या मते अर्धा निकाल तिथेच लागतो. रेटिनॉल आणि ट्रेटिनॉइन हे दोन्ही रेणू प्रकाशाने आणि हवेने बिघडतात. रुंद तोंडाच्या डबीचे झाकण उघडले की प्रत्येक वेळी संपूर्ण पृष्ठभागाला हवा आणि उजेड लागतो. शिवाय रेटिनॉल त्वचेत गेल्यावर आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक आम्ल बनते, आणि खरे काम हे आम्ल करते. म्हणजे या रूपांतरात मुळातच घट होते आणि डबीत त्याआधीच घट झालेली असते. ट्रेटिनॉइन म्हणजे ते आम्लच. माझे क्रीम ज्या अॅल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये येते, ती दाबल्यावर दबलेलीच राहते, हवा परत आत ओढत नाही आणि उजेडही आत जाऊ देत नाही. दिसायला अगदी साधी असली तरी काचेच्या त्या देखण्या डबीपेक्षा हीच ट्यूब औषधाची अधिक काळजी घेते.

पहिल्या काही आठवड्यांत माझे मत असे होते की मुरुमांसाठी औषध ठीक आहे, पण सुरकुत्यांसाठी एवढा त्रास सोसण्यात अर्थ नाही. ओठांच्या कडा सोलवटल्या होत्या, नाकाच्या बाजूंना जळजळ होत होती आणि मुरुमे कमी होण्याऐवजी वाढल्यासारखी वाटत होती. डॉक्टरांनी एक दिवसाआड, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर मटाराच्या दाण्याएवढेच लावायला आणि वरून मॉइश्चरायझर वापरायला सांगितले. त्यानंतर चित्र बदलत गेले. मुरुमाची सुरुवात डोळ्यांना न दिसणाऱ्या, केसांच्या मुळाशी साचलेल्या मृत पेशींच्या बुचापासून होते. ट्रेटिनॉइन ते बूच तयार होऊ देत नाही. त्यामुळे फक्त उठलेल्या मुरुमावर ठिपका लावून उपयोग नाही, आणि साधारण १२ आठवडे होण्याआधी निकाल मागण्यातही अर्थ नाही. आता मी ते मत मागे घेते.

सुरकुत्यांच्या बाबतीत मला धीर मिळाला तो संशोधनाच्या इतिहासातून. अमेरिकेत त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मुरुमांवरील या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे वयाने मोठ्या रुग्णांनी त्वचा मऊ झाल्याचे सांगितल्यावर उन्हाने झिजलेल्या त्वचेचा अभ्यास झाला आणि तो १९८६ मध्ये छापून आला. याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले, ही गोष्टही या औषधाच्या इतिहासात लिहिली गेलीच पाहिजे. १९९३ च्या एका अभ्यासात १० ते १२ महिन्यांच्या वापरानंतर उन्हाने झिजलेल्या त्वचेतील पहिल्या प्रकारच्या कोलॅजनची (त्वचेला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाची) निर्मिती ८० टक्क्यांनी वाढलेली आढळली, तर औषध नसलेले क्रीम लावणाऱ्यांत ती १४ टक्क्यांनी घटली होती. दोन वर्षांनी ०.०२५ आणि ०.१ टक्के यांची ४८ आठवडे तुलना झाली; सुधारणा जवळजवळ सारखी दिसली, जळजळ मात्र सौम्य क्रीमने बरीच कमी होती. जास्त टक्केवारीसाठी हट्ट धरणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा. माझ्या डोळ्यांच्या कडेच्या रेषा पुसल्या गेलेल्या नाहीत, फक्त फिकट झाल्या आहेत, आणि त्यातला किती वाटा रोजच्या सनस्क्रीनचा आहे हे वेगळे काढता येणार नाही. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर येथे साडेचार वर्षे चाललेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य २४ टक्के कमी दिसले होते.

दोन गोष्टी खरेदीआधी पाहाव्यात. गर्भवती असाल किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर हे औषध नको. आणि मुरुमांवरचे दुसरे औषध बेंझॉइल पेरॉक्साइड आधीपासून वापरत असाल, तर दोन्ही एकाच वेळी लावू नका : १९९८ च्या एका प्रयोगात ट्रेटिनॉइनचे जेल त्याच्यासोबत उजेडात ठेवले असता दोन तासांत निम्म्याहून अधिक आणि २४ तासांत ९५ टक्के ट्रेटिनॉइन नष्ट झाले होते, ट्रेटिनॉइनसारखेच काम करणारे अॅडॅपलीन हे औषध मात्र टिकून राहिले. दोन्ही एकत्र हवे असल्यास डॉक्टरांना अॅडॅपलीनबद्दल विचारावे. ट्यूबबद्दल माझी एकच तक्रार शिल्लक आहे : तिचे तोंड गरजेपेक्षा मोठे आहे, त्यामुळे जरा जोरात दाबले की दोन रात्रींचे औषध एकदम बाहेर येते आणि ते परत आत घालता येत नाही.