जुने शिवणयंत्र, लिलावाचे संकेतस्थळ आणि ट्रेडमार्कची तक्रार

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात वडिलांनी ज्या यंत्रावर आयुष्यभर कपडे शिवले, ते मी एका ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर विक्रीस ठेवले होते. हात लागून पुसट झालेली सोनेरी अक्षरे आणि पट्टीवरचा क्रमांक छायाचित्रांत स्पष्ट दिसत होता. चौथ्या दिवशी, ७ बोली लागलेल्या असताना, ‘ट्रेडमार्क मालकाची तक्रार’ एवढेच कारण देऊन जाहिरात काढून टाकण्यात आली.

या संकेतस्थळावर नोंदणी सोपी आहे, याआधीच्या विक्रीचे पैसेही वेळेवर मिळाले. तक्रार हाताळण्याची पद्धत मात्र अत्यंत निकृष्ट आहे. ट्रेड मार्क्स अधिनियम, १९९९ च्या कलम ३०(३) नुसार, बाजारात रीतसर आलेली अस्सल वस्तू कायदेशीरपणे विकत घेणाऱ्याने पुन्हा विकली, तर केवळ त्या कारणाने ट्रेडमार्कचा भंग होत नाही. वस्तूची स्थिती बदलली किंवा बिघडली असल्यास मालक हरकत घेऊ शकतो, हेही त्याच कलमात आहे. परंतु आमच्या यंत्राचा एकही भाग बदललेला नव्हता. वडिलांनी जपून ठेवलेली खरेदीची पावती जोडून मी हे तीनदा कळवले आणि तिन्ही वेळा तेच साचेबंद उत्तर आले. ईबे या दुसऱ्या लिलाव-संकेतस्थळाच्या ‘व्हेरो’ व्यवस्थेत, म्हणजे हक्कमालकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या व्यवस्थेत, विक्रेत्याला तक्रारदाराशी थेट संपर्क साधता येतो. येथे तक्रारदाराचे नावसुद्धा मिळाले नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकले ते हेच.

यंत्र सध्या छपरीत झाकून ठेवले आहे. दारव्ह्याच्या एका शिंप्याने ते पाहून जाण्याचे कबूल केले आहे.