पासवर्ड गेला होता, नोंदी जागेवरच होत्या

आमचं ग्रंथालय तालुक्याच्या गावातलं, ‘ब’ वर्गाचं. देवघेवीच्या टेबलाशेजारी विंडोज ७चा जुना संगणक आहे. अकरा हजार पुस्तकांची दाखल नोंदवही, सभासदांच्या अनामत रकमा, नऊ वर्षांचे हिशोब, सगळं त्यात. ते भरलं आमच्या लिपिककाकांनी, एकट्यानं. मार्चमध्ये काका अचानक गेले. पंधरा दिवसांनी संगणक सुरू केला तेव्हा कळलं, की सगळे अधिकार असलेलं अ‍ॅडमिनचं खातं ते एकच आणि पासवर्ड काकांशिवाय कुणालाच ठाऊक नाही. काकूंना विचारलं, त्यांच्या वह्या चाळल्या. काही मिळालं नाही.

बाजारातल्या एका दुकानात नेला. त्यांनी चालू करून पाहिला आणि म्हणाले, “फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल.” लेखापरीक्षण तोंडावर आलेलं. मी संगणक तसाच रिक्षात घालून परत आणला.

शेवटी कार्यवाहांचा पुतण्या आला. त्यानं आधी लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) पेन ड्राइव्हवरून संगणक चालू केला आणि आमच्या सगळ्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. पासवर्ड न टाकता! डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात, केलेली नसेल तर विंडोजचा पासवर्ड फक्त दारावर असतो, फायलींवर नसतो. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं, आणि त्या दुकानात हे कुणीच कसं सांगितलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

मग त्यानं ‘ऑफलाइन एनटी पासवर्ड अँड रजिस्ट्री एडिटर’ हे विंडोजचा विसरलेला पासवर्ड काढून टाकणारं सॉफ्टवेअर लावलं. हे मोफत आहे, शेवटची आवृत्ती २०१४ची. दिसायला अगदी रुक्ष: काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस नाहीच. विंडोज डिस्कच्या कुठल्या भागात (विभाजनात) आहे ते विचारतं, खाती आणि पासवर्ड जिथे नोंदलेले असतात ती ‘सॅम’ नावाची फाइल उघडतं आणि खात्यांची यादी दाखवतं. काकांच्या खात्यापुढे ‘अ‍ॅडमिन’ लिहिलेलं होतं. पुतण्यानं खातं निवडून १ दाबलं, म्हणजे पासवर्ड कोरा. बाहेर पडताना बदल लिहू का असं विचारतं. तिथे ‘वाय’ दाबायला विसरलात तर काहीच झालेलं नसतं. त्याला लागली जेमतेम दहा मिनिटं. संगणक पुन्हा सुरू केला तर थेट डेस्कटॉप. नोंदवहीची एक्सेल फाइल उघडली, तर चौकट काकांनी शेवटी दाखल केलेल्या पुस्तकावरच थांबलेली. मी थोडा वेळ तिथेच बसून राहिले.

माझं मत विचाराल तर जुन्या, साध्या संगणकासाठी याला तोड नाही. पण जपून वापरा. खातं मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याशी जोडलेलं असेल तर पासवर्ड त्यांच्याकडूनच बदलावा लागतो. बिटलॉकर (विंडोजची पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते, तिच्याशिवाय डिस्क उघडत नाही. विंडोजच्याच सोयीनं सुट्या फायली एन्क्रिप्ट केलेल्या असतील तर पासवर्ड असा कोरा केल्यावर त्या वाचता येत नाहीत, म्हणून आधी तपासा. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. ब्राउझरमध्ये साठवलेले काकांचे पासवर्ड मात्र गेले. ईमेलचा पासवर्ड बदलून घ्यावा लागला. संगणक आधी नीट बंद केलेला हवा, बटण दाबून धरून नाही. आणि हे सगळं संस्थेच्या परवानगीनंच करा. आम्ही कार्यकारिणीत ठराव घेतला होता.

आता अ‍ॅडमिनची दोन खाती आहेत. दोन्ही पासवर्ड कागदावर, बंद पाकिटात. पाकिटावर कार्यवाहांची आणि माझी सही, आणि पाकीट लोखंडी कपाटात. दर महिन्याच्या एक तारखेला फायलींची प्रत हार्ड डिस्कवर घेते आणि काकांच्याच जुन्या वहीत तारीख टाकते.