वाणसामानाची यादी: डबे बघून की दुकानातल्या रांगांप्रमाणे?

महिन्याच्या पहिल्या रविवारी ठाण्यात घोडबंदर रोडच्या मोठ्या स्टोअरमध्ये ट्रॉली मिळाली तरी नशीब, त्यात यादी धड नसेल तर साबणाकडून डाळींकडे, डाळींकडून परत साबणाकडे अशी वरात काढायची.

यादीच्या पद्धती दोन. एक आईची, ओट्यापाशी उभं राहून एकेक डबा हलवून बघायचा आणि संपलं ते लिहायचं. काही सुटत नाही, मोहरीसुद्धा. पण कागदावर तूरडाळ, फिनेल, दही, रवा, भांड्याचा साबण असा नुसता काला.

दुसरी दुकानातल्या रांगांप्रमाणे. आधी आटा, तांदूळ, ५ लिटरचा तेलाचा कॅन, कारण जड सामान ट्रॉलीत तळाला हवं, मग डाळी-मसाले, साबण-फिनेल वेगळ्या कोपऱ्यात, आणि दही, पनीर, फ्रोझन मटार बिलिंगच्या अगदी आधी, नाहीतर मे महिन्यात रिक्षा घरी कासारवडवलीला पोचेपर्यंत मटारचं पाकीट घामाघूम. वेळ हिच्यातच वाचतो, प्रश्नच नाही. फक्त घरात काय संपलंय ते ही सांगत नाही, आणि स्टोअरवाले मधेच रॅक हलवतात तेव्हा वैताग (मुद्दामच करत असतील!).

मला विचाराल तर डबे बघूनच लिहा, पण फोनवर गूगल कीप या नोंदींच्या ॲपमध्ये चेकबॉक्स लावून, मग ओळी बोटाने वरखाली ओढून रांगेत लावा. दोघं जाणार असाल तर यादी शेअर करा, एक धान्याकडे, एक साबणाकडे, इकडे टिक केलं की तिकडे दिसतं, नेट चालू असलं म्हणजे झालं. भाजी यादीत नकोच, ती खालच्या भाजीवाल्या मावशींकडूनच.