ग्लिप्टिन की ग्लिफ्लोझिन? कोरियन रुग्णांच्या दोन गोळ्या
कोरियात टाइप २ मधुमेहाचा रुग्ण आपल्याकडच्यासारखाच बऱ्याचदा अंगाने बेताचा असतो. तिथेही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २५ झाला की लठ्ठ धरतात. इन्सुलिन स्रवण्याची ताकद मुळातच कमी, त्यात ताटात भात. मेटफॉर्मिन ही नेहमीची पहिली गोळी पुरेनाशी झाली की प्रश्न येतो, पुढची गोळी कोणती, ग्लिप्टिन गटातली की ग्लिफ्लोझिन गटातली?

ग्लिप्टिन तिथे फार चालतं, आणि ते उगाच नाही. जेवल्यावर आतड्यातून निघणारं, इन्सुलिनला चालना देणारं हार्मोन ते टिकवून धरतं. आशियाई रुग्णांना त्याचा गुण जास्त येतो, असं अभ्यासांत दिसलंय. त्यातलं जेमिग्लिप्टिन तर कोरियाचंच. एकटं घेतलं तर साखर सहसा एकदम खाली जात नाही, वजनही वाढत नाही. एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या आजींसाठी मला हे फार मोलाचं वाटतं. मात्र अंगाला खाज सुटून पाण्याचे टपोरे, घट्ट फोड आले तर डॉक्टरांना ही गोळी आवर्जून दाखवावी. बुलस पेम्फिगॉइड नावाच्या या त्वचारोगाशी ग्लिप्टिनचा संबंध कोरियातल्याच आरोग्यविम्याच्या नोंदींतून दिसला आहे.

ग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर काढतं. या गटातल्या कोरियाच्या एनाव्होग्लिफ्लोझिनची मात्रा अवघी ०.३ मिलिग्रॅम, तर याच गटातल्या डापाग्लिफ्लोझिनची १०. त्रास आहेतच: जननेंद्रियाला बुरशी, अंगातलं पाणी कमी होणं, उपासात किंवा आजारपणात रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) वाढणं. तरीही हार्ट फेल्युअर असेल किंवा लघवीतून प्रथिनं जात असतील, तर माझा कौल सरळ ग्लिफ्लोझिनला. हृदय आणि किडनीला ते जो आधार देतं, तो ग्लिप्टिन देत नाही. सॅक्साग्लिप्टिन या एका ग्लिप्टिनवर तर हार्ट फेल्युअरने दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं.