आलियाची ‘तीन खिशांची’ योजना: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ठाणे, पुणे, अलिबागकडून इस्रायलला आलिया (ज्यूंचं तिथं कायमचं स्थलांतर) करणारी बेने इस्रायल, म्हणजे मराठी भाषिक ज्यू कुटुंबं पैशाची विभागणी साधारण तीन खिशांत करतात. पहिला खिसा म्हणजे सोबत नेलेले डॉलर आणि फॉरेक्स कार्ड. दुसरा ‘सल क्लिता’, म्हणजे नव्यानं आलेल्यांना स्थिरावण्यासाठी इस्रायल सरकार देतं ते अनुदान. तिसरा खिसा भारतात राहिलेल्या मोठ्या पैशाचा: फ्लॅटची विक्री, पीएफ, ठेवी. हा पैसा नंतर सावकाश आणायचा असतो.

आई-वडील आणि शाळेतली दोन मुलं अशा चौघांच्या घरासाठी ही योजना दहा महिने चालवून पाहिली. योजना घेण्यासारखी आहे. रक्कम बहुतेकांची पुरते, चुकतात त्या तारखा. तिसऱ्या खिशात साठ लाख पडून असताना पाचव्या महिन्यात भाड्याचा चेक वटेल की नाही ही धाकधूक असणं, हे या योजनेत सहज घडू शकतं. म्हणून हा अनुभव तारखांच्या अंगानं लिहिला आहे.

पहिला खिसा

एका प्रवाशाला परकीय चलनाच्या नोटा ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. बाकीची रक्कम कार्डावर न्यायची. कार्डावरची रक्कम एलआरएसमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजली जाते. ती मर्यादा कोणाला आड येत नाही, आड येतो टीसीएस, म्हणजे पैसे बाहेर नेतानाच आगाऊ गोळा केला जाणारा कर. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो किंवा करात वळता होतो, पण तोवर ऐन गरजेच्या महिन्यांत पैसा अडकून राहतो.

म्हणून पती-पत्नींनी दोन वेगळ्या पॅनवर दोन कार्डं घ्यावीत. मार्चमध्ये दोघांचे दहा-दहा लाख आणि १ एप्रिलनंतर पुन्हा दहा-दहा लाख, असे एकूण चाळीस लाख टीसीएसशिवाय नेता येतात. त्यासाठी प्रवासाची तारीख एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा नंतर हवी. निघण्याची तारीख ठरवताना मुलांच्या परीक्षा आणि पेसाहचा सण सगळे पाहतात, तसं ३१ मार्चकडेही पाहावं.

कार्डाचा दोष असा की ते बहुधा डॉलरमध्ये भरावं लागतं आणि दुकानात शेकेलमध्ये, म्हणजे इस्रायली चलनात, कापलं जातं. प्रत्येक खरेदीवर चलनबदलाचं शुल्क बसतं. किराण्याला ते चालून जातं, पण फ्रिज किंवा वॉशिंग मशीनसारखी मोठी खरेदी कार्डानं करू नये. दर कोणत्या चलनातून धरायचा हेही आधी ठरवावं. २०२५ च्या सुरुवातीला एका डॉलरला साडेतीन शेकेलहून जास्त मिळत होते, वर्षअखेरीस सव्वातीनच्या आसपास. सगळी पुंजी डॉलरमध्ये धरून बसलेल्यांचं भाडं न वाढताही महागलं.

पैसे आधीच इस्रायलमध्ये का पाठवू नयेत, असं अनेक जण विचारतात. अडचण खात्याची आहे. बँक खातं उघडायला तेऊदात जेहूत, म्हणजे ओळखपत्र लागतं, आणि ते तिथं उतरल्यावर मिळतं. नातेवाइकाच्या खात्यात पैसे टाकता येतात, पण ‘हा पैसा कुठला’ याचं उत्तर मग त्या नातेवाइकाला त्याच्या बँकेत द्यावं लागतं. अश्दोदच्या मामांवर हे ओझं टाकू नये.

दुसरा खिसा: सल क्लिता

हे कर्ज नाही, परत करायचं नसतं, आणि या काळात नोकरी लागली तरी ते बंद होत नाही. विमानतळावरच सुरुवातीची छोटी रक्कम मिळते, बाकीची पुढच्या सहा महिन्यांत मासिक हप्त्यांनी खात्यात येते. कुटुंबात किती माणसं आहेत आणि मुलांची वयं काय यावर रक्कम ठरते. नव्यानं आलेल्यांचं काम पाहणाऱ्या इस्रायली मंत्रालयाचा तक्ता वेळोवेळी बदलतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्यांचा आकडा हिशेबात धरू नये.

वापरात दोन गोष्टी लक्षात राहाव्यात. खातं उघडून त्याचा तपशील मंत्रालयाच्या शाखेत दिल्याशिवाय हप्ता येत नाही, तेव्हा पहिल्या आठवड्याचं मुख्य काम हेच. आणि या काळात देशाबाहेर गेलात तर हप्ता थांबतो. फ्लॅटच्या नोंदणीसाठी तिसऱ्या महिन्यात मुंबईला यायचा बेत असेल तर तो इथेच मोडतो. उपाय खाली मुखत्यारपत्राच्या भागात आहे.

सल क्लिताला घरखर्चाचा आधार म्हणावं, पगार समजू नये. सरकारी उलपानमध्ये, म्हणजे नव्यानं आलेल्यांच्या भाषावर्गात, हिब्रूचे ५०० तास मोफत मिळतात. वर्ग आठवड्यातले पाच दिवस सकाळी, आणि ते जवळपास पाच महिने चालतात. म्हणजे दोघंही उलपानला जाणार असतील तर पूर्णवेळ नोकरी सहाव्या महिन्याच्या आधी धरता येत नाही. त्यात इस्रायलमध्ये पगार पुढच्या महिन्याच्या नऊ-दहा तारखेला येतो. सहाव्या महिन्याच्या एक तारखेला कामावर रुजू झालात तर पहिला पगार सातव्या महिन्याच्या दहा तारखेला. सल क्लिताही तेव्हाच संपत आलेला असतो. भाड्याची सरकारी मदत त्यानंतरच्या टप्प्याची. योजनेतला सगळ्यात अरुंद पूल हा आहे, आणि पहिल्या खिशातली निम्मी रक्कम त्यासाठी हात न लावता ठेवावी.

हिशेब फसवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे बिलं. वीज, पाणी आणि अर्नोना (घरपट्टी, जी तिथं भाडेकरू भरतो) ही साधारण दर दोन महिन्यांनी येतात. पहिल्या सहा आठवड्यांचा खर्च पाहून ‘जमतंय की’ असं वाटतं, मग दोन महिन्यांचं सगळं एकदम दारात येतं. पहिल्या दिवसापासून अंदाजे रक्कम बाजूला काढत जा. अर्नोनावर नव्यानं आलेल्यांना पहिल्या दोन वर्षांतल्या बारा महिन्यांसाठी १०० चौरस मीटरपर्यंत ९० टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. ती आपोआप लागत नाही. तेऊदात ओले, म्हणजे स्थलांतरिताचं पुस्तक, आणि भाडेकरार घेऊन नगरपालिकेत अर्ज करावा लागतो.

भाड्याचं घर: इथे पैसा सर्वांत जास्त अडकतो

समजा दिमोना किंवा बेर्शेबाच्या बाजूला महिना ३,५०० शेकेलचं घर मिळालं. मालक बहुतेक वेळा वर्षाचे बारा पुढच्या तारखांचे चेक मागतो. शिवाय अनामत किंवा बँक गॅरंटी. २०१७ च्या कायद्यानं तिला मर्यादा आहे: तीन महिन्यांचं भाडं किंवा कराराच्या एकूण भाड्याचा तिसरा हिस्सा, यांतलं जे कमी ते. इथे १०,५०० आणि १४,००० पैकी कमी म्हणजे १०,५००. बँक गॅरंटी दिली तर बँक तेवढी रक्कम तुमच्याच खात्यात गोठवून ठेवते. पहिल्या महिन्याचे ३,५०० धरून सहीच्या दिवशी हाताबाहेर गेले १४,००० शेकेल, आणि घर रिकामं: फ्रिज नाही, शेगडीही बहुधा नाही. काही मालक याशिवाय दोन जामीनदार मागतात. लोद, रामला, अश्दोद, किर्यात गात इथे जुनी मराठी भाषिक वस्ती असल्यानं जामीन मिळतो, आणि अनेक कुटुंबं शहर निवडतात ती याच कारणानं. हे कारण पूर्णपणे शहाणपणाचं आहे.

चेकच्या बाबतीत भारतीय सवय धोक्याची ठरते. बारा महिन्यांत एका खात्यावरचे दहा चेक न वटता परत गेले तर कायद्यानं ते खातं वर्षभरासाठी ‘मर्यादित’ होतं आणि त्यावर चेक काढता येत नाही. बारा चेक मालकाच्या कपाटात आहेत हे विसरून खातं रिकामं ठेवलं की मोजणी सुरू होते. भाड्याच्या तारखेच्या पाच दिवस आधी शिल्लक तपासावी, आणि सल क्लिताचा हप्ता वेळेवर येईल यावर भाडं टांगून ठेवू नये.

तिसरा खिसा: भारतातला पैसा

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं आणि बहुतेक ते टाळता येतं. ‘अनिवासी’ हा शब्द दोन कायद्यांत दोन अर्थांनी येतो, हे आधी समजून घ्यावं. फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या दृष्टीनं कायमचं राहायला निघालात की निघाल्यापासूनच अनिवासी. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं करायचं ते तेव्हा, आणि एलआरएसचा मार्गही तिथेच संपतो. आयकराच्या दृष्टीनं मात्र त्या वर्षात भारतात किती दिवस राहिलात ते मोजलं जातं.

फ्लॅट विकायचा असेल तर निवासी असतानाच विका. ९० लाखांचा फ्लॅट निवासी माणसानं विकला तर खरेदीदार १ टक्का, म्हणजे ९० हजार टीडीएस कापतो. अनिवासी माणसानं दीर्घ मुदतीनंतर विकला तर पूर्ण रकमेवर १२.५ टक्के, म्हणजे ११.२५ लाख आणि वर अधिभार व सेस, नफा कितीही कमी असो. कमी टीडीएसचा दाखला आयकर खात्याकडून मिळवता येतो, पण त्याला आठवडे जातात आणि खरेदीदार तेवढे थांबत नाहीत. दुसरा तोटा: २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरून) २० टक्के कर हा पर्याय फक्त निवासींना आहे. पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घराला याचा मोठा फरक पडू शकतो. दोन्ही हिशेब सीएकडून मांडून घ्या.

विक्रीचे पैसे एनआरओ खात्यात आले की तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. त्यासाठी सीएचा दाखला लागतो, म्हणजे पैसा कुठला आणि त्यावर कर भरला का याची कागदोपत्री साखळी. ही रक्कम एलआरएसमध्ये मोजत नाहीत, म्हणून टीसीएसही नाही. मोठ्या रकमेसाठी तिसरा खिसाच योग्य वाट. फक्त ती सुरू व्हायला वेळ लागतो. खातं बदलायला परदेशातला पत्ता हवा, पत्त्यासाठी भाडेकरार हवा, भाडेकरारासाठी पैसे हवेत. खातं बदलणं, सीएचा दाखला, आणि पैसा पोचल्यावर इस्रायली बँकेनं मागितलेला विक्रीखत-विवरणपत्रांचा पुरावा, हे सगळं धरून तीन महिने राखून ठेवा. विक्रीखत मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आधीच करून घ्या. आणि रुपया डॉलर होऊन मग शेकेल होतो, दोनदा दर कापला जातो, तेव्हा दहा छोट्या रकमांऐवजी दोन-तीन मोठ्या पाठवा. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के अधिक सेस असा टीडीएस कापतात, हेही धरून चाला.

एसआयपी चालू असेल तर आधी थांबवा. खातं एनआरओ झालं की जुने आदेश परत जातात आणि दंड लागतो. पीएफ ‘परदेशात कायमचं स्थायिक’ या कारणाखाली पूर्ण काढता येतो. पीपीएफ मुदतीपर्यंत राहू द्या. सुकन्या खातं मात्र अनिवासी झाल्यावर बंद करावं लागतं. भारतीय सिम बंद करू नका, सगळे ओटीपी तिथंच येतात. रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्या, नंतर ते सुरू करायलाच ओटीपी लागतो.

आता मुखत्यारपत्र. निघण्यापूर्वी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या आणि त्यात मिळकत, बँक व कामं नावानिशी लिहा. मोघम मुखत्यारपत्र बँका नाकारतात. महाराष्ट्रात सख्ख्या नात्यात मोबदल्याशिवाय विक्रीचे अधिकार दिले तर ५०० रुपयांचा मुद्रांक पुरतो, परक्याला दिले तर खरेदीखताइतकं शुल्क लागू शकतं. इस्रायलमधून करून पाठवलं तर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो.

नवगाव, पेण, रेवदंड्याकडे वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा असणाऱ्यांनी सातबाऱ्यावर वारस नोंद निघण्यापूर्वीच करून घ्यावी. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. इस्रायलचं नागरिकत्व आलं की भारतीय पासपोर्ट दूतावासात जमा करायचा आणि मग ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डासाठी अर्ज. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची ठेवता येते, पण नाव लागलेलं नसेल तर परदेशातून फेरफार करणं फार जिकिरीचं. नावांचाही गोंधळ इथेच सुटतो: केतुबावर (ज्यू विवाहाच्या करारावर) ‘शमुवेल’, शाळेच्या दाखल्यावर ‘सॅम्युएल’, सातबाऱ्यावर ‘सामुएल’, आडनाव कुठे आहे कुठे नाही. एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र करून जन्म-विवाहाच्या दाखल्यांसोबत त्यालाही अपोस्टील, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का घ्या. आलियाचे अर्ज पाहणाऱ्या ज्युईश एजन्सीला, बँकेला आणि तलाठ्याला हाच कागद लागतो.

नोकरी लागल्यावर

नोकरी देणाऱ्याकडे फॉर्म १०१ (कराच्या माहितीचा अर्ज) भरताना तेऊदात ओलेची प्रत जोडा. २०२२ पासून नव्यानं आलेल्यांना ५४ महिने कराचे जादा पॉइंट, म्हणजे करातली सूट मिळते: पहिलं वर्ष एक, पुढचे अठरा महिने तीन, मग वर्षभर दोन, मग एक. २०२४ मध्ये एका पॉइंटचे महिन्याला २४२ शेकेल होते. प्रत जोडली नाही तर ते कोणी आपणहून देत नाही. भारतातलं भाडं-व्याज दहा वर्षं इस्रायली करातून मुक्त, पण १ जानेवारी २०२६ पासून रहिवासी होणाऱ्यांना ते जाहीर मात्र करावं लागतं. त्यामुळे एनआरओची विवरणं पहिल्या महिन्यापासून जपून ठेवा.

शाळा तीन वर्षांच्या मुलापासून मोफत, पण ती दुपारी लवकर सुटते. दोघं कामावर असाल तर दुपारच्या पाळणाघराचे पैसे वेगळे. मिक्सर घेऊन जा. वीज तिथंही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, नुसता प्लग बदलावा लागतो.