ज्येष्ठांच्या किडनी कर्करोगासाठी एकत्रित सल्ला देणारी ओपीडी : अनुभव आणि अभिप्राय

मूत्ररोग शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ, किडनीविकारतज्ज्ञ आणि वृद्धरोगतज्ज्ञ यांनी मिळून एकाच बैठकीत रुग्ण पाहावा, अशी सोय असलेल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत आम्ही वडिलांना दाखवत आहोत. त्यांचे वय 79. मधुमेह आणि रक्तदाब जुने आहेत, हृदयात अलीकडेच स्टेंट बसवला आहे, किडनीची क्षमता दाखवणारा जीएफआर 40 च्या आसपास आहे आणि सोनोग्राफीत योगायोगाने 2.8 सेंटिमीटरची गाठ सापडली. आधी जिथे दाखवले तिथे अख्खी किडनी काढण्याची तारीखच हाती पडली होती. येथे मात्र या वयात आणि या आजारांसह धोका गाठीचा अधिक की उपचाराचा, हे ठरवण्यापासून सुरुवात झाली.

प्रथम जी-8 ही ज्येष्ठ रुग्णाची एकूण प्रकृती जोखणारी आठ प्रश्नांची चाचणी झाली. तिच्यात 17 पैकी 14 किंवा त्याहून कमी गुण आले, तर सविस्तर तपासणी करतात. ती वडिलांचीही झाली आणि त्यांची चाल, स्मरणशक्ती, वजन, आहार असे सगळे पाहिले गेले. त्यानंतर शल्यचिकित्सकांनी सांगितले की चार सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी बहुधा वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात आणि साधारण पाचातली एक तर कर्करोगाची नसतेच. उलट किडनी काढल्यास आधीच थकलेल्या दुसऱ्या किडनीवर सगळा भार येऊन डायलिसिसची वेळ येऊ शकते. गाठ गोठवून नष्ट करण्याचा पर्याय होता, पण त्यासाठी, आणि बायोप्सीसाठीही, रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी क्लोपिडोग्रेल ही गोळी थांबवावी लागली असती, आणि नव्या स्टेंटमुळे हृदयरोगतज्ज्ञांनी त्यास ठाम नकार दिला. म्हणून सध्या ठरावीक अंतराने स्कॅन करून लक्ष ठेवायचे, आणि गाठ वर्षात पाच मिलिमीटरहून जास्त वाढली किंवा तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली तर पुन्हा विचार करायचा, असे ठरले. ‘काहीच करत नाहीत’ अशी नातेवाइकांची कुरकुर सुरू आहेच. पण हा निर्णय कारणांसह लिहून दिलेला असल्याने तो कागद पुढे करता येतो.

मला सर्वांत उपयुक्त वाटली ती औषधतज्ज्ञांची भेट. त्यांनी घरून आणलेली औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली आणि गुडघेदुखीसाठी वडील स्वतःच्या मनाने घेत असलेली डायक्लोफेनॅकची पट्टी उचलून बाजूला ठेवली. रक्तदाबाची रामिप्रिल आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना हे वेदनाशामक किडनीला किती महागात पडते, हे याआधी आम्हाला कोणीही सांगितले नव्हते.

उणिवा किरकोळ नाहीत. स्कॅन आणि सल्ला यांच्या वेळा वेगवेगळ्या दिवशी मिळतात, त्यामुळे थकलेल्या माणसाला दोनदा ताटकळावे लागते. रात्री काही झाले तर कोणाला फोन करायचा, हे विचारूनही स्पष्ट झाले नाही. शिवाय काही डॉक्टर वडिलांसमोरच, पण माझ्याकडे पाहून बोलत राहिले. वडिलांना कमी ऐकू येते, कळत मात्र सगळे असते. शेवटी वृद्धरोगतज्ज्ञांनी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि “काका, तुम्हाला स्वतःला काय हवंय?” असे विचारले.

पाचपैकी चार गुण. जाताना जुने क्रिएटिनिनचे रिपोर्ट तारखेनुसार लावून न्यावेत. किडनीची क्षमता किती वेगाने घसरते आहे, हे तेथे बारकाईने पाहतात.